मॅटवर एका टोकाकडून बॉल बसतो, दुसऱ्याकडून उठतो. रविवारच्या मॅचआधी काय करावं?

पंचवटी_ओपनर
येत्या रविवारी 35-35 ओव्हरची लेदर बॉलची मॅच आहे. काथ्याची मॅट, 58 फुटी. खाली काळी माती, वर मुरमाचा पातळ थर. गेल्या मॅचला झाडाच्या टोकाकडून टाकलेला गुड लेंथ बॉल घोट्यापर्यंतच यायचा आणि रस्त्याच्या टोकाकडून तोच बॉल छातीपर्यंत. मॅट नवी आहे, कुठे फाटलेली नाही. शनिवारी दुपारपासून मैदान आमच्याकडे आहे, रोलर हाताने ओढायचा. सध्या नाशिकला सकाळी दवही भरपूर पडतंय. कुठून सुरुवात करू? टॉस जिंकला तर काय घ्यावं तेही सांगा.

काथ्या_आणि_मुरूम
भाऊ, मॅट बदलून काही होणार नाही. बाऊन्स खालची जमीन देते. झाडाच्या टोकाकडून टाकलेला बॉल बसतो, म्हणजे पोकळ जागा रस्त्याच्या टोकाला आहे, कारण टप्पा तिकडे पडतो. बॅट्समनच्या स्टंपपासून 5 ते 8 मीटरचा पट्टा आधी तपासा. मॅट काढून जुना लेदर बॉल खांद्याच्या उंचीवरून दर दोन फुटांवर सोडा. जिथे तो धप्पकन बसेल तिथे खडूने गोल करा.

काळी माती वाळली की भेगा पडतात आणि वरचा मुरूम त्यात उतरतो. वरून सपाट दिसतं, आत पोकळ. अशा जागी नुसता मुरूम टाकून उपयोग नाही. पहारीने 2-3 इंच उकरा, खडे काढा, चाळलेला मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थर ओला करून धुम्मसने (जमीन ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. एकदम भरलात तर वरचा इंचभरच दबतो आणि दुपारी पुन्हा बॉल बसायला लागतो.

पाणी शनिवारी दुपारीच मारा. 66 बाय 8 फुटांवर 200 लिटरचा एक ड्रम म्हणजे साधारण 4 मिलिमीटर पाणी, एवढं पुरे. झारीने मारा, पाइप एका जागी धरू नका, नाहीतर उताराच्या टोकाला चिखल होतो आणि दोन टोकं वेगळी वागण्याचं नवं कारण तयार होतं. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माती चिकटत नाही, तेव्हा रोलर फिरवा. हाताने ओढणारे बहुतेक जण स्टंपच्या अलीकडेच वळतात, त्यामुळे टोकं कच्ची राहतात. रोलर स्टंपच्या मागे 5-6 फूट नेऊन मगच वळवा.

पंच_सिडको
वरच्याशी सहमत, पण मॅट कशी ताणता यावरही बरंच अवलंबून आहे. ढिली मॅट बॉलखाली सरकते, बॉल थांबून येतो.

आधी एक आखूड बाजू पक्की करा. मग चार-पाच जणांनी समोरून ओढायचं, दोघांनी मधून चालत सुरकुत्या पायाने पुढे ढकलायच्या. दुसरी आखूड बाजू ठोकून झाली की लांब बाजू मधल्या खिळ्यापासून टोकांकडे, समोरासमोर एकाच वेळी. एक बाजू पूर्ण ठोकून दुसरी धरलीत तर मॅट तिरकी ओढली जाते. खिळा थोडा तिरका, डोकं मॅटच्या बाहेरच्या बाजूला झुकलेलं. डोकं मातीच्या वर अजिबात नको, डाइव्ह मारणाऱ्याचा गुडघा फाटतो.

58 फूट ही नियमाने नॉन-टर्फ (म्हणजे मॅटसारख्या, गवत-मातीच्या नसलेल्या) पिचची किमान लांबी आहे. स्टंपमध्ये 66 फूट असतात, म्हणून तुमची मॅट दोन्हीकडे 4 फूट आधी संपते, आणि पॉपिंग क्रीज, म्हणजे स्टंपच्या पुढची रेघ, नेमकी 4 फुटांवर! म्हणजे बॉलरचा पुढचा पाय बरोबर कडेवर पडणार. कडेबाहेरची माती मॅटच्या पातळीपर्यंत चढवून ठोका, नाहीतर पाय मुरगळतो आणि कडेवर पडलेला यॉर्कर कुठेही उडतो. ड्रिंक्सला चारही कोपऱ्यांचे खिळे तपासा, आधी तेच सुटतात. स्पाइक्स कोणालाही घालू देऊ नका.

पंचवटी_ओपनर
सगळं लिहून घेतलं, मनापासून आभार. मॅट शनिवारी संध्याकाळीच अंथरून ठेवू का? सकाळी घाई होते.

काथ्या_आणि_मुरूम
नको. रात्रभर दव पिऊन काथ्या जड होतो आणि उन्हात वाळताना ताण सोडतो, अकरा वाजेपर्यंत सुरकुत्या. रात्री पिचवर ताडपत्री टाका, कडांना विटा ठेवा. सकाळी ती गुंडाळून लांब नेऊन झटका, पाणी पिचवर सांडू देऊ नका. साडेनऊची मॅच असेल तर आठला मॅट अंथरायला घ्या.

लेग_कटर_नाशिकरोड
टॉसबद्दल. गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी बघून "सकाळी ओलावा, बॉलिंग घ्या" हे गणित इथे लावू नका. ते टर्फ आहे. मॅटखालची जमीन ताडपत्रीने कोरडी राहिली तर पहिल्या तासात ओलं असतं ते आउटफिल्ड. बॉल चार-पाच वेळा गवतावरून गेला की लेदर फुगतं, चमक जाते, स्पिनरच्या बोटांतून निसटतो. मी बॅटिंग घेईन. दुपारी जमीन कडक झाली की मॅटवर कटर (टप्प्यानंतर आत-बाहेर वळणारा वेगवान बॉल) आणि लेगस्पिन जास्त चावतात, ते आपल्या हातात असलेले बरे.

फील्डिंग पहिली आलीच तर दोन कोरडे टॉवेल मैदानात ठेवा, प्रत्येक बॉलनंतर पुसा, आणि मुख्य स्पिनरच्या 7 ओव्हर गवत सुकल्यावरच काढा. मॅटवर एलबीडब्ल्यूच्या भरवशावर राहू नका, बॉल बहुधा स्टंपवरून जातो. त्यापेक्षा गली आणि शॉर्ट लेग ठेवा, विकेटकीपरला एक पाऊल मागे घ्या.

पंच_सिडको
एक राहिलं. क्रीज मॅटवर कोरड्या चुन्याने आखू नका, दहा ओव्हरमध्ये पुसली जाते आणि नो-बॉलवरून वाद होतात. चुना पाण्यात दाट कालवून ब्रशने मारा, मॅट ताणून झाल्यावरच. आधी आखलीत तर ताणताना रेघ सरकते.