अनुभव धागा: 'बर्थ' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

परवा लेकीचं बर्थ सर्टिफिकेट आणायला निघालो, तर आईने विचारलं, "लोअर मिळाला का?" तिच्या डोक्यात रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, मराठीत लिहिताना मात्र जन्म आणि झोपायची फळी एकच! सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा.

जुळे सोलापूर
बाबांनी शिकवलेलं: स्लीपरमधला बर्थ नंबर 8 ने भागायचा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 मिडल, 3 किंवा 6 अप्पर, 7 साइड लोअर. शून्य उरलं तर साइड अप्पर. माझा भागाकार असा फलाटावर पक्का झाला.

विजापूर वेस
हुतात्मा एक्स्प्रेस दिवसाची, बसायची गाडी. तरी आजी प्रत्येक वेळी "बर्थ कितवा?" असंच विचारायची.

होटगी रोड
मी जहाजावर असतो. एकदा मुंबईबाहेर पोचून घरी फोन केला, "अजून बर्थ मिळाला नाही." आईला रात्रभर झोप नाही, पोरगा कुठं उभ्यानं प्रवास करतोय की काय! आमच्याकडे बर्थ म्हणजे बंदरातली जहाज लावायची जागा, धक्क्याजवळची. ती रिकामी होईपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचं. नांगरलेलं जहाज वाऱ्या-प्रवाहाबरोबर साखळीभोवती फिरतं, म्हणून इतरांनी लांबून जायचं. त्या मोकळ्या जागेलाही बर्थच म्हणतात. एखाद्याला चार हात लांब ठेवण्याचा इंग्रजी वाक्प्रचार तिथलाच. जहाजावरच्या झोपायच्या जागेलाही हाच शब्द. आईला हे सगळं समजावलं. आता ती शेजारणींना समजावते.

सात रस्ता
बातम्यांचं भाषांतर करते. 'मंत्रिमंडळात बर्थ' आलं की मी 'वर्णी लागली' लिहिते. आपला शब्द असताना तो सोडवत नाही.

बाळे
आईला उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं. तिकीट आरएसी. साइड लोअरच्या अर्ध्या भागात आई, अर्ध्यात एक अनोळखी मावशी; मी जनरलमध्ये. कुर्डुवाडीला धावत बघायला आलो, तर आई पाय पसरून झोपलेली, अंगावर मावशींची सोलापुरी चादर. मावशी दाराजवळ आपल्या पिशवीवर बसलेल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."