कोचीला क्रूझ थांबते तेव्हा बंदरावरून दिवसाची रिक्षा कशी ठरवावी?

आंबोळी_चटणी विचारतात:

मुंबईहून निघणारं जहाज शुक्रवारी सकाळी ८ ला कोचीच्या धक्क्याला लागतंय. संध्याकाळी ५ ला सगळे परत जहाजावर हवेत. आम्ही चार जण: दोघं नवराबायको, ९ वर्षांचा मुलगा आणि आई (वय ७१, गुडघे दुखतात, एका दमात अर्धा किलोमीटर चालते). जहाजाची बसची सहल नको आहे. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी रिक्षाने बघायचं आहे. रिक्षा नेमकी कुठून घ्यावी, भाडं किती योग्य, आधी काय बघावं आणि वेळेत परत येण्याची काळजी कशी घ्यावी? चार जण एका रिक्षात बसतील ना?

---

उलटा_नांगर:

शुक्रवार म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवार, शनिवार आणि ज्यूंच्या सणांना बंद. म्हणजे मट्टनचेरीतली दोन मोठी ठिकाणं तुमच्या दिवशी फक्त बाहेरून दिसतील. रिक्षावाला हे आपणहून सांगेलच असं नाही. "पॅलेस, सिनेगॉग, सगळं दाखवतो" म्हणेल, दारापर्यंत नेईल आणि मग "आज बंद आहे, शेजारी मसाल्याचं दुकान आहे" असं होईल.

आता भूगोल. क्रूझ जहाजं विलिंग्डन बेटावर लागतात. हे बेट बंदरासाठी खाडी उपसली त्या मातीचं, माणसाने केलेलं आहे. समोर पाण्यापलीकडे मट्टनचेरी डोळ्यांना दिसते, पण रिक्षाला तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा घालून जावं लागतं. मट्टनचेरी साधारण ६-७ किलोमीटर, फोर्ट कोची ९ च्या आसपास. सकाळी अर्धा तास धरा, दुपारनंतर पाऊण तास.

बंदराच्या आवारात सीआयएसएफचा पहारा असतो. रिक्षा गँगवेपाशी (जहाजातून उतरायच्या शिडीपाशी) येईल असं धरू नका, गेटबाहेर रांग असते. आईंना गेटपर्यंतचं अंतर चालवू नका, जहाजाच्या स्वागतकक्षात आदल्या रात्रीच विचारून ठेवा की गेटपर्यंत शटल आहे का. परत आत येताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दोन्ही लागतं. आधार कार्ड केबिनच्या तिजोरीत ठेवून उतरणारे बरेच असतात, ते गेटवर अडकतात. नौदलाचं दक्षिण मुख्यालय याच बेटावर आहे, त्यामुळे पूल ओलांडेपर्यंत फोन खिशात ठेवलेला बरा.

चार जण एका रिक्षात: नाही. परवाना तीन प्रवाशांचा असतो. "मुलाला मांडीवर घ्या" म्हणणारा भेटेल, पण ९ वर्षांचा मुलगा सहा तास मांडीवर बसत नाही, आणि पोलिसाने अडवलं तर वेळ तुमचाच जातो. दोन रिक्षा घ्या, किंवा एक टॅक्सी. टॅक्सीचा खर्च दोन रिक्षांच्या जवळपास येतो. गुडघ्यांचं म्हणाल तर रिक्षाची पायरी खाली असते, उंच गाडीत चढण्यापेक्षा सोपं जातं, आणि मट्टनचेरीच्या गल्ल्यांत रिक्षा पार दारापर्यंत जाते. म्हणून मी दोन रिक्षाच म्हणेन. आईंना मागच्या सीटच्या मधोमध बसवू नका, कडेला बसवा, धरायला दांडा मिळतो.

भाडं. केरळात २०२२ साली ठरलेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे किलोमीटरला १५. दिवसभराचं फिरणं २२ किलोमीटर धरलं तर ३० अधिक साडेवीस गुणिले १५, म्हणजे सुमारे ३४० रुपये. हा फक्त चाकांचा हिशेब. पाच-सहा तास तो तुमच्यासाठी थांबणार, दुसरी भाडी सोडणार, त्याचे पैसे वेगळे. एका रिक्षाला १२०० ते १५०० रुपये मला रास्त वाटतात. २५०० सांगितले तर घासाघीस करा. आणि कोणी "फक्त २०० रुपयांत पूर्ण कोची" म्हणाला तर अजिबात बसू नका, त्याचं कारण खाली कोणीतरी लिहीलच.

---

खडीसाखर७:

मीच लिहिते. २०० रुपयांची रिक्षा म्हणजे उरलेले पैसे दुकानदार देतो. मोठी हस्तकला एम्पोरियम आणि काही मसाल्याची दुकानं गिऱ्हाईक आणल्याबद्दल रिक्षावाल्याला कूपन, पेट्रोल किंवा रोख देतात. तुम्ही काही घेतलं नाही तरी नुसतं आत दहा मिनिटं काढली की त्याचं काम झालं. म्हणून वाक्य ठरलेलं असतं: "घेऊ नका, फक्त बघा, पाच मिनिटं." अशी चार दुकानं म्हणजे तास-दीड तास गेला, आणि तुमच्या हातात एकूण सहा तास.

यात रिक्षावाला लबाडच असतो असं नाही. क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, एरवी गेटवर दिवस दिवस धंदा नसतो. तेव्हा सरळ बोला: "भाडं पूर्ण देतो, पण दुकान एकही नको." बसायच्या आधी हे पाच मुद्दे तोंडी पक्के करा आणि त्याच्या समोर फोनवर लिहा:

एकूण रक्कम, ती माणशी नसून रिक्षामागे आहे हे. जाणं-येणं, थांबणं आणि पार्किंग धरून. ठिकाणांची नावं. दुकान नाही. गेटवर परत पोचवायची वेळ.

"माणशी की रिक्षामागे" हा घोळ सगळ्यात जास्त होतो. ५०० म्हणाला, शेवटी तिघांचे १५०० मागितले, हा नेहमीचा वाद.

आगाऊ पैसे देऊ नका, निम्मेसुद्धा नाही. दुपारी त्याला दुसरं जहाजवालं गिऱ्हाईक दिसलं आणि पैसे आधीच मिळालेले असले तर तो निघून जातो. पूर्ण रक्कम परत गेटवर उतरल्यावर द्या. यूपीआय चालतं, पण तिकिटं, चप्पल ठेवणं, शहाळं यासाठी १०, २०, ५० च्या नोटा जवळ ठेवा. नंबरप्लेटचा फोटो काढा (एर्नाकुलमची केएल-०७, मट्टनचेरीची केएल-४३) आणि त्याला मिस्ड कॉल देऊन नंबर चालतोय ना बघा. दोन रिक्षा असतील तर दोघांचेही नंबर दोन्ही फोनमध्ये हवेत, कारण सिग्नलला रिक्षा हमखास वेगळ्या होतात.

---

उलटा_नांगर:

शुक्रवारचा क्रम असा करेन. उतरायला गर्दी असते, गेटवर सव्वानऊ धरा.

तोप्पुंपडीवरून आधी वेली भागातला धोबीखाना. तमिळ वण्णार समाजाची माणसं इथे आजही हाताने कपडे धुतात, दोरीला पीळ देऊन त्यात कपडे अडकवतात, चिमटे वापरत नाहीत. काम सकाळीच जोरात असतं, म्हणून पहिला नंबर. वीस मिनिटं पुरे.

मग समुद्रकाठची मासे धरायची चिनी जाळी. रिक्षा वास्को द गामा चौकाजवळ थांबते, पुढे चालणं थोडंच. लाकडी सांगाड्याच्या मागच्या टोकाला दोरांनी दगड टांगलेले असतात, त्या वजनावर एवढं मोठं जाळं चार-सहा माणसं उचलतात. भरती-ओहोटी बघून जाळी टाकतात, त्यामुळे कधी ती नुसतीच उभी दिसतात. "या, दोर ओढा" असं बोलावलं तर नंतर पैसे अपेक्षित असतात. मुलाला ओढायचाच असेल तर आधी रक्कम विचारा.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. १५२४ मध्ये वास्को द गामा कोचीत वारला तेव्हा त्याला इथे पुरलं होतं. अवशेष पुढे पोर्तुगालला नेले, पण थडग्याची शिळा आत जमिनीत दिसते. छताला दोरीने ओढायचे जुने पंखे टांगलेले आहेत, ते बघायला विसरू नका. समोरच्या परेड ग्राउंडभोवती मोठ्या वृक्षांची सावली आहे, आईंना बसवायला चांगली. मग सांताक्रूझ बॅसिलिका, रंगवलेल्या छतासाठी.

साडेबारा ते दीड जुम्म्याची नमाज असते. मट्टनचेरीत त्या तासात बरीच दुकानं बंद आणि मशिदींजवळच्या गल्ल्या भरलेल्या. तेव्हा जेवण फोर्ट कोचीतच उरका. दीडनंतर बाजार रोडवरून ज्यू टाउन: मसाल्याची गोदामं, सुंठ-मिऱ्यांचा वास, सिनेगॉगचं घड्याळ बाहेरून. रिक्षा पॅलेसजवळ थांबते, पुढची गल्ली पायी.

तीनला परतीला लागा. साडेतीनला नव्हे.

---

पायी_पायी:

मला वेगळं वाटतं. फोर्ट कोचीतली जाळी, चर्च, बॅसिलिका हे सगळं एकमेकांपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. धडधाकट माणसाने दिवसभर रिक्षा थांबवून ठेवणं म्हणजे उभ्या रिक्षाचे पैसे देणं. मीटरने फोर्ट कोचीत उतरा, पायी फिरा, मट्टनचेरीला दुसरी रिक्षा करा, परतीला तिसरी.

---

खडीसाखर७:

@पायी_पायी, आई बरोबर नसत्या तर मान्य. पण परतीची रिक्षा हाच तर धोक्याचा भाग आहे. जहाज लागतं त्या दिवशी तीन ते चार या वेळात सगळ्यांनाच परतायचं असतं, आणि एकतर्फी भाडं घेऊन बेटावर यायला रिक्षावाले कुरकुरतात. अ‍ॅपवर बोलावली तर रद्द होत राहते. फोर्ट कोचीहून एर्नाकुलमची बोट दिसते म्हणून तिच्यात बसणारे असतात. ती शहराच्या बाजूला उतरवते, तिथून पुन्हा वेंडुरुत्ती पुलावरून बेटावर यावं लागतं. वायपीन बेटाची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) तर उलट दिशेलाच जाते. रिक्षावाल्याने "पलीकडे छान बीच आहे" म्हटलं तरी रो-रोच्या रांगेत शिरू नका.

---

दर्यावर्दी_नाही:

वेळेबद्दल एक भर. देशांतर्गत फेरीला प्रश्न नाही. पण जहाज मालदीवहून येत असेल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, दुबईहून येत असेल तर दीड तास. जहाजाची वेळ बदललेली नसेल आणि किनाऱ्यावर उतरताच फोन आपोआप भारतीय वेळ धरेल, तर दोन घड्याळं दोन गोष्टी सांगतात. रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर छापलेली वेळच खरी. हातातलं साधं घड्याळ तिच्याशी जुळवून ठेवा. रिक्षावाल्याला मात्र भारतीय वेळ सांगा, आणि "५ वाजता जहाज सुटतं" असं न सांगता "साडेतीनला गेट" असं सांगा.

शिवाय केरळात हरताळ पुकारला तर रिक्षा आणि दुकानं सरसकट बंद असतात. आदल्या संध्याकाळी बातम्या बघा. हरताळ असेल तर जहाजाची बस घेतलेली बरी.

---

आंबोळी_चटणी:

दोन रिक्षा नक्की. मावशी बुधवारच्या फेरीला आहेत, त्यांना हाच क्रम चालेल का? आणि देवळं, शाकाहारी जेवण, मसाले याबद्दल सांगाल का?

---

उलटा_नांगर:

बुधवारी क्रम उलटा. सिनेगॉग १० ते १ आणि ३ ते ५ उघडं असतं, आणि ३ नंतरची वेळ जहाजवाल्यांच्या उपयोगाची नाही. म्हणून १० ला पॅलेस (पालखीखाना वगैरे पटकन, रामायणाच्या भित्तिचित्रांना वेळ द्या, फोटो काढू देत नाहीत), अकराच्या सुमारास सिनेगॉग, मग फोर्ट कोची. सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत, आत चप्पल काढावी लागते, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हे कोचीचे ज्यू, आपल्या रायगडातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचा समाज वेगळा. रविवारी जाणार असाल तर सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, तेव्हा चर्च दुपारी ठेवा.

---

चेरलाई_स्टॉप:

देऊळ बघायचं तर मट्टनचेरीतल्या चेरलाईतलं तिरुमला देवस्वम. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून खाली आलेल्या कोकणी लोकांची ही वस्ती. आजूबाजूला कोकणी कानावर पडते, मराठी माणसाला अर्धीअधिक कळते. पण दुपारी देऊळ बंद होतं, त्यामुळे अकराच्या आत. जवळच गुजराती रोडवर जैन मंदिर आणि त्याच भागात कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी जेवणही मिळतं. शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, पार्सल घेऊ नका.

मसाले सिनेगॉगच्या गल्लीपेक्षा बाजार रोडला स्वस्त. वेलची मिलिमीटरवर विकतात, ८ मिमी म्हणजे टपोरी, घरच्या चहाला ७ ची चालते. काळी मिरी पाण्यात टाकून बघा: भरीव दाणा बुडतो, पपईची बी आणि पोचट दाणे तरंगतात. केशर घेऊ नका, ते केरळात पिकतच नाही. पाकीट सीलबंद घ्या, जहाजाच्या स्कॅनरला सुटी पुडी उघडायला लावतात.

आणि चार शब्द पाठ करा. रिक्षाला तिथे ऑटो म्हणतात, टुकटुक हा शब्द परदेशी पाहुण्यांसाठी. चालकाला "चेट्टा" म्हणा, म्हणजे दादा. "एत्र?" किती. "इविडे निर्त्तू", इथे थांबवा. "कडा वेण्डा", दुकान नको. हे शेवटचं हसून म्हणायचं, तरी दोनदा म्हणावं लागतं.