मदत हवी आहे: रेलकार्डाच्या तिकिटावर पेनल्टी फेअर, अपील करू का?

इंग्लंडमध्ये शिकतेय, १६-२५ रेलकार्ड (तरुणांना रेल्वे तिकिटावर सवलत देणारं कार्ड) आहे. मंगळवारी सकाळी ८.४० च्या गाडीत तपासनिसाने पेनल्टी फेअर (योग्य तिकीट नसल्याचा दंड) लावला. साडेदहा पौंडांचं 'एनीटाइम' (दिवसात कधीही चालणारं) तिकीट अॅपने स्वतःच सवलत लावून ७ ला विकलं होतं. सोमवार ते शुक्रवार पहाटे ४.३० ते सकाळी १० मध्ये या कार्डावर किमान भाडं १२ पौंड, त्यामुळे इतक्या छोट्या तिकिटाला सवलतच नाही, हे तेव्हा कळलं. (जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते, पण हा ऑक्टोबर.) 'एनीटाइम' म्हणे!

साडेतीन पौंडांच्या सवलतीपायी १०० पौंड दंड, वर प्रवासाचं भाडं वेगळं. २१ दिवसांत भरलं तर दंड ५०. अजून भरलेलं नाही. कंपनीला ईमेल केला, 'अपील करा' एवढंच उत्तर आलं. तिकीट, रेलकार्ड, बुकिंगचे स्क्रीनशॉट आहेत. हातात ९ दिवस.

'अॅपनेच विकलं' हा मुद्दा अपिलात कुणाचा टिकलाय का? आणि अपील फेटाळलं, तर ५० च भरावे लागतात की थेट १००?