बाबा दारू पीत नाहीत, तरी पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) कसा काय?

लालबागकर:
परवा रात्री बाबांच्या पोटात बेंबीच्या वर अशी कळ आली की आडवं पण होता येईना, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसले की जरा बरं वाटायचं, कळ पार पाठीत जात होती. आम्ही अ‍ॅसिडिटी समजून पातळ औषध दिलं, पण उलट्या थांबेनात म्हणून पहाटे टॅक्सी करून परळला नेलं. रक्तात लायपेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) १८४० आलंय, सलाइन चालू आहे. आता भेटायला येणारे मला बाजूला घेऊन विचारतात, 'घेतात का रे?' बाबा माळकरी आहेत हो, आयुष्यात थेंब नाही. मग कशामुळे?

रेसिडेंट_सर्जरी:
दारू हे मोठं कारण आहेच, पण पित्ताशयातले खडे पण तेवढंच मोठं कारण. खडा घसरून पित्तनळीच्या तोंडाशी अडकतो, तिथेच स्वादुपिंडाची नळी उघडते, मग आतड्यात जाऊन अन्न पचवायचा तो रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. सोनोग्राफी झाली का? एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) १५० च्या वर असेल तर खड्याचाच संशय जास्त. आणि १८४० बघून घाबरू नका, लायपेज नॉर्मलच्या तिप्पट झालं की निदानाला पुरे, आकड्यावरून आजार किती सिरियस ते कळत नाही. लघवी किती होतेय, दम लागतोय का, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती, हे रोज विचारा. किडनी, फुप्फुस ४८ तासांच्या पुढे बिघडलेलं राहिलं तर गंभीर, नाहीतर बहुतेक जण आठवड्याभरात घरी जातात.

डोंबिवलीची_ताई:
माझे मिस्टर पण पीत नाहीत. त्यांना डायबेटिस, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १००० च्या वर गेलेलं, रक्त काढलं तर सिरिंजमध्ये दुधाळ दिसत होतं, मी स्वतः बघितलंय. अमायलेज (लायपेजसारखंच स्वादुपिंडाचं एन्झाइम) मात्र नॉर्मल! खडे नाही सापडले तर लिपिड प्रोफाइल करून घ्या, आणि रोजच्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा, काही गोळ्यांनी पण होतो हा आजार.

लालबागकर:
सोनोग्राफीत बारीक बारीक खडे निघाले, एसजीपीटी २६०. दुखणं कमी झालंय, आज पेज घेतली. डॉक्टर म्हणतात याच अ‍ॅडमिशनमध्ये पित्ताशय काढू, बाबा म्हणतात वारी करून येतो मग बघू.

रेसिडेंट_सर्जरी:
नको, थांबू नका. खडे आत आहेत तोवर पुन्हा अटॅक कधीही येईल, आणि पुढचा असाच सौम्य असेल असं नाही. दिवे घाटात ही कळ आली तर कोण बघणार? दुर्बिणीने करतात, हिंडाफिरायला लवकर लागतील, चालायचं किती ते सर्जनलाच विचारा.