शब्दचर्चा: ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

प्रश्न
वहिनीला गरोदरपणाचा सहावा आठवडा चालू आहे. थायरॉइडची गोळी ती दोन वर्षांपासून घेते. परवाच्या रिपोर्टात टीएसएच ६.८ आला आणि डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘थायरॉइड वाढलाय’. आई म्हणाली, ‘वाढलाय तर गोळी कमी करायची सोडून वाढवली कशी?’ वहिनी घाबरली आणि तिने दोन दिवस गोळी घेतलीच नाही. मला वाटतं, हा घोळ शब्दाने केलाय. काय म्हणायला हवं?

उत्तर
आधी वहिनींना आजच गोळी सुरू करायला सांगा आणि दोन दिवस चुकल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला. शब्दाचं मग बघू.

टीएसएच हे हार्मोन थायरॉइडमध्ये बनतच नाही. ते बनतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत. गळ्यातल्या थायरॉइडला ‘काम कर’ म्हणून तिने मारलेली ती हाक आहे. काम कमी पडलं की हाक चढत जाते. म्हणजे रिपोर्टात वाढलेला आकडा हाकेचा आहे, कामाचा नाही. साखर वाढली, बीपी वाढलं, असं आपण म्हणतो तेव्हा जे वाढलं तेच जास्त झालेलं असतं. ‘थायरॉइड वाढला’ हे वाक्य आपण त्याच साच्यात ओतलं आणि अर्थ उलटा झाला. त्यात गळ्याला गाठ आली तरी लोक हेच वाक्य वापरतात! मी तर आग्रहाने दोन्ही भाग बोलते: ‘टीएसएच वाढलंय, थायरॉइड कमी पडतोय.’

‘डोस वाढला’ हेही असंच. ऐकणाऱ्याला वाटतं, आजार बळावला. खरं तर गरज वाढलेली असते. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवू लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आईकडूनच येतं. निरोगी ग्रंथी ही वाढीव मागणी आपणहून भागवते, मंदावलेली भागवू शकत नाही. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींना २५ ते ५० टक्के जास्त मात्रा लागते, तीही चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच. बाळंतपणानंतर ती सहसा पुन्हा उतरवतात.

आणखी एक उत्तर
‘चौथा आठवडा’ या शब्दानेही फसगत होते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे चौथा आठवडा म्हणजे गर्भ राहून जेमतेम दोन आठवडे झालेले, पाळी नुकतीच चुकतेय. ‘अजून लवकर आहे, तिसरा महिना लागला की दाखवू’ असं म्हणणाऱ्या घरात हा महत्त्वाचा काळ निघून जातो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवावं.

थायरॉइडला मराठी शब्द म्हणाल तर ‘अवटू ग्रंथी’ हा शब्द रुळलेला आहे, पण ग्रंथांपुरता. गंमत अशी की अमरकोशात अवटु, घाटा, कृकाटिका ही मानेच्या मागच्या बाजूची नावं आहेत आणि ही ग्रंथी असते पुढे. ‘थायरॉइड’ मूळ ग्रीक, ढालीच्या आकारावरून. थॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्याने १६५६ साली हे नाव ग्रंथीला दिलं. ‘हायपोथायरॉइडिझम’साठी, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याच्या या आजारासाठी, मला ‘अवटुमांद्य’ सुचतो. अग्निमांद्य आपल्याकडे आहेच.

प्रश्नकर्ती
‘अवटुमांद्य’ छान आहे, पण आईला तो समजावून सांगावा लागेल. ‘सुस्त थायरॉइड’ चालेल का?

उत्तर
‘सुस्त’ नको. या आजारात थकवा येतो, अंग जड होतं. अशा बाईभोवती ‘सुस्त’ हा शब्द फिरू लागला की तो ग्रंथीवर थांबत नाही, तिच्यावर येऊन चिकटतो. ‘मंद’ किंवा ‘कमी पडतो’ म्हणा.

आणि एक सांगायचं राहिलं. ‘गोळी मागे लागली’ असंही म्हणू नये. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी जे हार्मोन बनवते तेच, बाहेरून दिलेलं. मी ‘भरपाई’ म्हणते. ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. त्या हिच्याबरोबर घेतल्या तर ही नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये चार तास जाऊ द्यावेत.

प्रश्नकर्ती
‘हाक’ आईला लगेच पटलं. म्हणाली, ‘म्हणजे तो ऐकत नाही म्हणून वरचा ओरडतोय.’ वहिनीने काल सकाळी वाढवलेली गोळी घेतली. चुकलेल्या दिवसांचं डॉक्टरांना सांगितलं. टीएसएच २.५ च्या खाली आणायचंय म्हणाले, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी.