कर साखरेवर लावा, बुडबुड्यांवर कशाला?

बिनसाखरेचा (धागाकर्ता)

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. कोला, लिंबू-सोडा वगैरे फेसाळ पेयांवर ४० टक्के. आधी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, म्हणजे बेरीज तीच. पण फळांचा गर घातलेल्या बिनफेसाच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला.

आता किराणा दुकानात आंब्याच्या पेयाची बाटली उलटी करून मागचा बारीक टायपातला तक्ता वाचा. १०० मिलीमागे साखर जवळपास कोलाइतकी, कधी जास्तच. आंब्याचा गर फार तर दहा-वीस टक्के, बाकी पाणी. (आणि तो आंबा रत्नागिरीचा हापूस नसतो हो, बहुतेक वेळा तोतापुरी.) शेजारच्याच फळीवर झीरो-शुगर कोला: साखर शून्य, कर ४० टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी गुन्हा साखरेचा नाही, फेसाचा आहे.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून सरळ ग्रॅम मोजले. १०० मिलीला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ च्या आत असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ किंवा त्याच्या वर २४ पेन्स, हे सुरुवातीचे दर. घोषणा २०१६ च्या अर्थसंकल्पात झाली होती, त्यामुळे कंपन्यांना दोन वर्षं मिळाली आणि बऱ्याच जणांनी तेवढ्यात साखरच कमी करून टाकली. आपल्याकडे एखाद्या कंपनीने कोलातली साखर निम्मी केली तर तिला काय मिळणार? ४० टक्केच.

प्रश्न किरकोळ नाही. २०२० या एका वर्षात जगभरात टाइप-२ मधुमेहाचे सुमारे २२ लाख नवे रुग्ण साखरयुक्त पेयांमुळे, असा १८४ देशांचा अंदाज 'नेचर मेडिसिन'मध्ये जानेवारी २०२५ मध्ये आला. माझं मत: ग्रॅमवर टप्पे करा आणि आंबा, लिची, गोड लस्सी, जे जे पाकीटबंद आहे ते सगळं त्यात घ्या.

मोकळा_माणूस

आज कोला, उद्या श्रीखंड. मी काय प्यावं हे अर्थमंत्री ठरवणार का? न्यूयॉर्कच्या ब्लूमबर्ग महापौरांनी २०१२ मध्ये १६ औंसांपेक्षा मोठ्या ग्लासांवर बंदी आणायचा प्रयत्न केला, २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायमची बाद केली. डेन्मार्कने तर कित्येक दशकं जुना शीतपेयांचा कर २०१४ पासून काढूनच टाकला. लोकांना माहिती द्या, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

बिनसाखरेचा

डेन्मार्कचे लोक गाडी काढून जर्मनीतून खोकी भरून आणत होते. नाशिकचा माणूस कोला आणायला कुठे जाणार? आणि ग्लास छोटा करणं वेगळं, बाटलीत काय घातलं त्यावर कर लावणं वेगळं. तुमचा ग्लास तुम्हाला लखलाभ.

हायवे_किराणा

दोघंही दुकानात बसलेले दिसत नाहीत. मी बसतो. पोरगं दहाचं नाणं घेऊन येतं, त्याला टक्के कळत नाहीत. कॅम्पा २०० मिली दहा रुपयाला आली, तीही ४० टक्के कर भरूनच. मोठ्या कंपन्यांनाही मग भाव खाली घ्यावे लागले. कर आहे तिथेच आहे, पेय स्वस्त झालं. आता बोला.

बिनसाखरेचा

हा मुद्दा बिनतोड आहे, पण माझ्याच बाजूचा. टक्केवारीचा कर स्वस्त मालावर कमी बसतो. माल जितका स्वस्त, तितका कर हलका. लिटरवर किंवा ग्रॅमवर कर लावला की दहाची बाटली आणि चाळीसची बाटली, दोघींनाही लिटरमागे किंवा साखरेमागे तेवढाच भरावा लागतो. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून लिटरला १ पेसो लावला तो असाच.

हायवे_किराणा

लावा. दहाच्या बाटलीत १५० मिली येईल. नाणं तेच राहणार.

बिनसाखरेचा

मग पोराच्या पोटात ५० मिली कमी गेलं की!

बर्मिंगहॅमची_सून

इथे राहते, म्हणून लिहिते. २०१८ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या आयर्न-ब्रू या शीतपेयाने साखर १०० मिलीला १०.३ वरून ४.७ ग्रॅमवर आणली. आकडा बघा, पाचाच्या जेमतेम खाली! तिथल्या लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे साठे करून ठेवले. कोकाकोलाने मात्र मूळ चवीला हात लावला नाही, कर भरला आणि गिऱ्हाइकाकडून वसूल केला.

परिणाम? केंब्रिजच्या संशोधकांना प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, १०-११ वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्के कमी आढळला. मुलग्यांमध्ये काहीच फरक नाही. का, यावर तर्क बरेच आहेत. तेव्हा 'कर लावला, लठ्ठपणा गेला' असं कुणी सांगत असेल तर अर्धंच सांगतंय. दुधाच्या गोड पेयांना सूट होती, ती २०२८ पासून जाणार आहे आणि पाचाची मर्यादाही साडेचारवर येणार आहे.

डॉ_सहज

धागाकर्ते झीरो-शुगरवर इतके खूश का आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या कृत्रिम गोडव्यांवर विसंबू नका. कंपनी साखर काढते आणि सुक्रलोज घालते, पोराची जीभ तेवढीच गोडाला सोकावलेली राहते. मेक्सिकोनेही २०२६ पासून साखरवाल्या पेयांवर लिटरला तीन पेसोंच्या वर कर नेला आणि बिनसाखरेच्या गोड पेयांवरही दीड पेसो बसवला. ते शहाणपणाचं वाटतं.

बाकी साखरेबद्दल धागाकर्ता बरोबर आहे. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर, म्हणजे सात-आठ चमचे. तेवढी साखर जिलेबीतून खाल्ली तर पोटाला कळतं. प्यायल्यावर कळत नाही, माणूस वर पोळी-भाजीही तेवढीच खातो.

पुएब्लात_चार_वर्षं

गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होतो, पुण्याहून मेक्सिकोत गेलेलो. सुट्टीत दक्षिणेला चियापासमध्ये गेलो. सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये बाकडी नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या, त्यात मेणबत्त्यांच्या रांगा आणि मेणबत्त्यांशेजारी कोलाच्या बाटल्या. त्सोत्सिल लोकांच्या विधीत कोला असतो. ढेकर आली की वाईट बाहेर पडतं, अशी समजूत. जवळच्याच सान क्रिस्तोबालमध्ये कोलाचा बाटली-भरणा कारखाना आहे आणि तिथल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी रोज येत नाही. येतं ते पिण्यासारखं नसतं.

कराने पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्के घटली, डिसेंबरपर्यंत १२. गरीब घरांत १७. म्हणजे काम झालं. पण ज्याच्या नळाला पाणी नाही त्याने कोला सोडून काय प्यायचं? कराच्या पैशातून शाळांत पिण्याचं पाणी, ही मागणी तिथल्या चळवळीने कायद्याबरोबरच लावून धरली होती. आपल्या धाग्यात पाण्याचा 'प'सुद्धा आला नाही अजून.

उसाचा_मळा

आला का, 'साखर वाईट' सप्ताह! एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला भाव, थकला की यातलं कोणी धागा काढत नाही. आमच्या सांगलीकडे माणूस दिवसाला पाच कप चहा पितो, कपाला दोन चमचे साखर. हिशोब करा. कोला पाहुणे आले तर. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला, देशात सगळ्यात जास्त. ते सगळे कोला पिऊन का?

बिनसाखरेचा

नाही, आणि तसं मी म्हटलंही नाही. पण चहात किती चमचे घालायचे ते तुमच्या हातात आहे. वैद्याने सांगितलं तर उद्या एक चमचा कराल. बाटलीतली साखर कारखान्यात ठरते, तिथे घासाघीस फक्त सरकारला करता येते. रसवंतीला कोणी हात लावत नाहीये, मी फक्त पाकीटबंद मालाबद्दल बोलतोय.

पाण्याचा मुद्दा मान्य. फेसाळ पेयांच्या कराचा ठरावीक हिस्सा शाळांच्या पाण्यासाठी बांधून घेतला पाहिजे.

मोकळा_माणूस

बांधून घेतलेला पैसा आणि आपली सरकारं! शिक्षण उपकर आठवतो का कुणाला?

हायवे_किराणा

पाण्याची बाटली वीसला आणि कोला दहाला, हे आधी उलटं करा. मग ग्रॅम मोजा.