मदत हवी आहे: नवा काँक्रीट रस्ता आठ महिन्यांत पाइपलाइनसाठी फोडला, निर्णय कोणाचा, हे लेखी कसे मिळवायचे?

आळीकर

नमस्कार मंडळी. 'ब' वर्ग नगरपरिषद आहे. प्रभागातला २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद काँक्रीट रस्ता पूर्ण होऊन आठ महिने झाले आणि पाणी योजनेच्या नव्या वाहिनीसाठी तो एका कडेने फोडला. चर मातीने बुजवला. पहिल्याच पावसात तो खचला आणि आता शेजारच्या स्लॅबलाही तडे जात आहेत. बांधकाम विभाग पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवतो, पाणीपुरवठा म्हणतो योजना दुसऱ्या यंत्रणेकडे आहे, रस्त्याचा ठेकेदार म्हणतो 'दुसऱ्याने फोडला, माझी हमी संपली'. तीन तक्रारअर्जांना उत्तर एकच: 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'

नेमकी कोणती कागदपत्रे मागायची? माहिती अधिकारात 'जबाबदार कोण' असे विचारता येते का? आणि पुन्हा नगरपरिषदेच्याच पैशांतून दुरुस्ती होऊ नये यासाठी आत्ता काय करता येईल?

दप्तरी

'जबाबदार कोण' किंवा 'असे का केले' असे विचारू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) नुसार माहिती म्हणजे नोंदीवर असलेली गोष्ट. मत किंवा खुलासा माहिती अधिकाऱ्याला नव्याने तयार करून द्यावा लागत नाही, आणि अर्ज तिथेच निकाली निघतो. त्याऐवजी कलम ४(१)(घ) चा उल्लेख करून 'या निर्णयाची नोंदीवर असलेली कारणे' मागा. बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे कळवणे हे त्या कलमाने कार्यालयावर टाकलेले कर्तव्य आहे.

तुमच्या प्रकरणात सगळे दोन तारखांवर ठरेल. पाणी योजनेचा मंजूर आराखडा, म्हणजे कुठल्या गल्लीतून किती व्यासाची वाहिनी जाणार तो नकाशा, कोणत्या तारखेला मंजूर झाला? आणि रस्त्याचा कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा आदेश) कोणत्या तारखेचा? नकाशा आधीचा असेल तर ठेकेदार दुय्यम ठरतो. वाहिनी येणार हे दप्तरात असताना त्यावर रस्ता मंजूर केला, म्हणजे चूक निर्णयातच आहे, आणि मंजुरीच्या कार्यालयीन टिपणीवर सही करणाऱ्याला 'मला कल्पना नव्हती' म्हणता येत नाही. नकाशा नंतरचा असेल तर सारा भार खोदाई परवानगीवर येतो.

असे घडते कारण पैसा वेगवेगळ्या हेडखाली (खर्चाच्या शीर्षाखाली) येतो. रस्ता राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, वाहिनी केंद्राच्या अमृत २.० सारख्या योजनेतून. रस्त्याचा निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकायचा असतो, वाहिनीची निविदा मात्र लांबते. फाइल दोन, अभियंते दोन, आणि दोन्ही फायली एका टेबलावर ठेवून पाहण्याची सक्ती कोणावरच नाही. हे दुखणे गावोगावी आहे, म्हणूनच त्याची लेखी नोंद होणे महत्त्वाचे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून तीन अर्ज करा, तिन्ही जोडपत्र 'अ' मध्ये (अर्जाचा ठरलेला नमुना).

पहिला निर्णयाचा: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, सभेची विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त आणि कार्यारंभ आदेश. विषयपत्रिका आवर्जून मागा. विषय 'आयत्या वेळचा' म्हणून घेतला असेल तर विषयपत्रिकेत तो नसतो आणि इतिवृत्तात एकदम 'सर्वानुमते मंजूर' दिसतो. तसे असेल तर सूचक-अनुमोदक (ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा) कोण होते आणि कार्यालयीन टिपणी सभेपुढे होती का, तेही बघा.

दुसरा मोजमाप आणि पैशांचा: मोजमाप पुस्तिकेची (एमबी, झालेल्या कामाची मापे लिहायची वही) संबंधित पाने, सर्व देयके, क्यूब चाचणीचे (ओतलेल्या काँक्रीटचे घन ठोकळे दाबून ताकद पाहण्याचे) अहवाल, त्रयस्थ तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीचे (ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करण्याच्या मुदतीचे) कलम, आणि सुरक्षा अनामत परत केली असल्यास त्या आदेशाची प्रत. हमी संपली हे ठेकेदाराच्या तोंडी सांगण्यावर धरू नका, ती करारात मोजा.

तिसरा खोदाईचा: परवानगी, तिच्या अटी, भरून घेतलेले पुनर्स्थापना शुल्क (रस्ता पुन्हा नीट करण्यासाठीचे पैसे) आणि पाइपलाइनच्या निविदेतील 'रस्ता पूर्ववत करणे' ही बाब. ती बाब बहुतेक वेळा निविदेत असतेच. ती असेल आणि देयकात तिचे पैसे गेले असतील, तर खचलेला चर हाच पुरावा.

मोजपट्टी

कागद महिन्याने येतील, पण चर उद्याही बुजवला जाऊ शकतो, म्हणून हे आधी करा. फोडलेल्या कडेला स्लॅबचा छेद उघडा आहे. तिथे काँक्रीटची जाडी फुकटात मोजता येते, नंतर त्यासाठी गाभा नमुना (यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढावा लागतो. दर २० मीटरवर एक मोजमाप घ्या, म्हणजे दहा-अकरा नोंदी होतील. टेपचा शून्य पृष्ठभागाशी लावा, आकडा आणि मागचे घर किंवा खांब एकाच फोटोत येऊ द्या. काँक्रीटखाली खडीचा किंवा मुरमाचा थर आहे का, त्याचाही फोटो घ्या. दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेला कागद करा आणि त्याची प्रत आवक क्रमांकासह नगरपरिषदेत द्या.

अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर जाडी असेल तर २०० × ४ × ०.१५ म्हणजे १२० घनमीटर काँक्रीट. सरासरी जाडी १२ भरली तर २४ घनमीटर कमी, म्हणजे पाचवा हिस्सा. एमबीत पूर्ण १२० लिहून देयक काढले असेल तर मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही तिथेच सापडते. कडेला जाडी थोडी कमी-जास्त भरते, म्हणून एका जागेच्या आकड्यावर आरोप करू नका, सरासरी धरा.

चाचण्यांचे आकडेही जुळवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १२० घनमीटर एका दिवसात ओतले असे धरले तरी किमान ६ नमुने लागतात, आणि प्रत्येक नमुन्याचे ३ क्यूब. अहवालात एकूण तीनच क्यूब असतील तर तो मुद्दा आहे. क्यूब टाकल्याची तारीख आणि तोडल्याची तारीख यांत २८ दिवस आहेत का ते पाहा. अंतिम देयक त्याआधीच निघाले असेल तर ताकद कळण्यापूर्वी पैसे दिले गेले.

पुढे वाद वाढला तर गाभा चाचणी मागा. किमान तीन गाभे, सरासरी ताकद ठरलेल्या प्रतीच्या ८५ टक्के आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली नाही, असा निकष आहे. एम-३० काँक्रीट (ठरलेली ताकद ३०) असेल तर सरासरी २५.५ आणि एकेरी २२.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. लोक तो फारसा वापरत नाहीत.

तडे का जातात तेही सांगतो. रस्ता आधी कटरने सरळ कापून मग फोडायला हवा. थेट ब्रेकर मारला की धक्का शेजारच्या स्लॅबमध्ये जातो. चर १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि ठोकून भरावा लागतो. माती एकदम लोटली की ती पावसात बसते, स्लॅबची कड अधांतरी राहते आणि वरून टेम्पो गेला की मोडते. नुसता वरून काँक्रीटचा पट्टा ओतून घेऊ नका. आधी चर पुन्हा उकरून भरायला लावा, नाहीतर तो पट्टाही खचेल.

ठरावबुक

दप्तरींच्या प्रतिसादात एक भर. काम प्रशासक काळातले (निवडून आलेले सदस्य नसतानाचे) असेल तर सभा, सूचक, अनुमोदक काहीच सापडणार नाही. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच, विरोधी मत नोंदवायला समोर कोणी नाही. तिथे 'प्रशासकीय ठराव' आणि त्यामागची विभागाची टिपणी मागायची. टिपणीवर लेखापालाचा अभिप्राय असतो किंवा नसतो, दोन्हीला अर्थ आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल: आता बहुधा 'रस्ता दुरुस्ती, नगरपरिषद निधी' असा नवा विषय सभेत येईल. तो आल्याबरोबर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार त्यांना आहे. पाइपलाइनच्या निविदेत रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे असताना त्याच कामावर पुन्हा खर्च होतोय, एवढाच मुद्दा मांडा आणि निविदेचे पान जोडा. काम होऊन देयक निघाले की स्थगितीला अर्थ उरत नाही, तेव्हा सभेची विषयपत्रिका लागते त्या फलकावर लक्ष ठेवा.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप आणि त्यांवरील अनुपालन अहवालही मागून ठेवा. रस्त्याच्या देयकावर आक्षेप आधीच निघालेला असू शकतो.

आळीकर

मनापासून आभार. जाडी मोजण्याचे काम उद्या सकाळीच करतो. दोन शंका: 'एमबी सापडत नाही' असे उत्तर आले तर? आणि लोकसेवा हक्क कायद्यात अर्ज केला तर लवकर हलतील का?

दप्तरी

'सापडत नाही' हे माहिती नाकारण्याचे कारण कायद्यात कुठेही नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा असे उत्तर आले, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिले अपील करा. अपिलात मागणी अशी लिहा: अभिलेखाचा शोध घेऊन द्यावा, न मिळाल्यास तो शेवटी कोणत्या पदाच्या ताब्यात होता याची नोंद द्यावी आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली कारवाई करावी. पहिले अपील बऱ्याच नगरपरिषदांत मुख्याधिकाऱ्यांपुढेच चालते, म्हणजे ज्यांच्या सहीवर प्रश्न आहे तेच ऐकतात. तरी ते करावेच लागते, कारण राज्य माहिती आयोगाकडचे दुसरे अपील (मुदत ९० दिवस) त्यावरच उभे राहते. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य असते, तेही अपिलात लिहा.

सेतू

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ इथे उपयोगाचा नाही. तो अधिसूचित सेवांपुरता आहे: जन्म-मृत्यू दाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी वगैरे. रस्ता दुरुस्ती त्यात धरून अर्ज केला की तो फेटाळला जातो आणि महिना जातो. तुमच्यासाठी लोकशाही दिन (अधिकारी तक्रारी समोर ऐकतात तो दिवस) बरा, जिल्ह्याला महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज १५ दिवस आधी. मात्र आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात (तिसरा सोमवार) गेल्याचा टोकन क्रमांक लागतो.

आणि त्या चरात कोणी पडून जखमी झाले तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश लक्षात ठेवा. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, दुखापत झाल्यास स्वरूपानुसार ५० हजार ते २.५ लाख भरपाई, आणि ती रक्कम जबाबदार ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधा.

आळीकर

पहिल्या अर्जाचा मसुदा असा केला आहे: 'अमुक रस्त्याच्या कामाची संपूर्ण फाइल व संबंधित अधिकाऱ्यांची नावे मिळावीत.' चालेल का?

दप्तरी

'संपूर्ण फाइल' काढा, नाहीतर 'माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहा' असे उत्तर येईल. कागद एकेक नावाने लिहा. 'नावे' ऐवजी 'टिपणीवर सही करणाऱ्यांची पदनामे व सहीच्या तारखा' लिहा, म्हणजे वैयक्तिक माहितीचे कारण पुढे करता येणार नाही. शेवटी एक ओळ: 'प्रथम अभिलेखाची पाहणी करून मग हव्या त्या पानांच्या प्रती घेईन.' पाहणीचा पहिला तास विनाशुल्क आहे आणि प्रती २ रुपये पान. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि पोच घेताना शिक्क्यावर तारीख नीट उमटली आहे ना ते तिथेच पाहून घ्या.